आखाजीचं रंगीत पान

आखाजीचं चित्र काढून द्या असं कोणी म्हटलं की मी सरळ नाही म्हणतो. दिवाळीचं सांगा, पोळ्याचं सांगा, कानबाईचं सांगा, बसल्या बैठकीला काढून देईन. शाळेत चित्रकला शिकवायचो तेव्हा दर्शनी फळ्यावर प्रत्येक सणाचं रंगीत खडूंचं चित्र माझंच असायचं. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, उन्हाळ्याच्या सुट्टीत येते म्हणून तेवढा सुटायचो. आता निवृत्त झालो तरी कोणीतरी येतंच, सर, एवढं एक काढून द्या म्हणत. मी नाही म्हटलं की तोंड पाडून जातात आणि कोपऱ्यावर जाऊन म्हणतात, म्हातारा खडूस आहे. आहेच मी खडूस. पण आखाजीला नाही म्हणण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते मी आजवर घरातही कोणाला धड सांगितलेलं नाही.

आम्ही जळगावला एका जिनिंगच्या आवारात राहायचो. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो, ते तिथं फिटर होते. आईला माय म्हणायचो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण, तिला सगळा आवार अक्का म्हणायचा म्हणून मीही अक्का म्हणायचो. दिवाळीपासून होळीपर्यंत यंत्रांचा घरघराट इतका, की घरात एकमेकांशी बोलायचं तर ओरडून बोलायचं, आणि वरणात, पाण्यात, अंथरुणात, सगळीकडे कापसाचे तंतू. वैशाखात जिनिंग बंद पडायची आणि मग एकदम सगळं ऐकू यायला लागायचं. खाटेवर वाळणाऱ्या कुरडयांवर बसलेल्या चिमण्या, नानांचा खोकला, आणि आवारातल्या निंबाला बांधलेल्या झोक्याच्या दोराची करकर. आखाजीचे आठ दिवस तो दोर थांबायचा नाही. सासुरवाशिणी माहेरी यायच्या, ओळीनं झोक्यावर बसायच्या, सासूच्या नकला करायच्या आणि घसे बसेपर्यंत गाणी म्हणायच्या. माय अंगणातल्या चुलीवर खापर पालथं घालून पुरणाच्या पोळ्या करायची. हातावर पोळी वाढवत वाढवत कोपरापर्यंत नेण्याची कला तिच्यानंतर फक्त अक्काला जमली. सोबत आमरस, सांजोऱ्या आणि तिखटजाळ रशी. आज ते सगळं विकत मिळतं, आणि विकतच्यासारखंच लागतं.

त्याच दिवशी घागर भरायची. हे खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागतं. घरातलं जे माणूस गेलं असेल त्याच्या नावानं नवी मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर कुंकवाची बोटं ओढायची, वर लहानसं मडकं आणि त्यावर खरबूज ठेवायचं, शेजारी नैवेद्याचं पान. एकीकडे झोका, एकीकडे घागर. जिवंत पोरी हसताहेत आणि गेलेल्या माणसांना पाणी पाजलं जातंय, असा हा सण. आमचे आजोबा वारले त्याच्या पुढच्या आखाजीला त्यांची घागर मी स्वतःच्या हातानं भरली होती. नानांचा हात मशीनमध्ये सापडला होता म्हणून मी भरली. म्हणजे घागर काय असते हे मला ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. मी तर अजिबात म्हणू नये.

धुळ्याला चित्रकलेचा डिप्लोमा करून मी परत आलो आणि वर्षभर दुकानांच्या पाट्या रंगवत हिंडलो. मग कोणाच्या तरी ओळखीनं एका दैनिकाच्या जळगावच्या कचेरीत शिरलो. मथळ्यांची अक्षरं काढायची, पुरवण्यांना रेखाटनं करायची. तिथले संपादक, त्यांना सगळे साहेब म्हणायचे, त्यांनी चैत्रात मला बोलावून सांगितलं की यंदा आखाजीची पुरवणी काढायची आहे, पहिलं पान रंगीत, आणि चित्र कॉम्प्युटरवर रंगवायचं. कॉम्प्युटर नुकताच आला होता. त्याच्यासाठी काचेची खोली केली होती, तिला एसी होता आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. खुद्द साहेबही चपला काढायचे. माझ्या चित्रासाठी तो चालू होणार म्हटल्यावर मी त्या दिवशी घरी सायकल हात सोडून चालवत गेलो असेन.

अक्का तेव्हा आमच्याकडे आलेली होती. चोपड्याच्या बाजूला दिलेली, केळीवाल्यांचं घर. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि दोनदा तिच्या पोटातलं गेलं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले, चौथा महिना लागला, तेव्हा तिच्या सासूनंच तिला जळगावच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला पाठवलं होतं. दोन दिवसांचा मुक्काम. मी तिला म्हटलं, अक्का, झोक्यावर बस, तुझं चित्र पेपरात आणतो. माय लगेच आडवी आली. "नुसती बसी ऱ्हाय. झोका लेऊ नको," असं म्हणून तिनं दोन्ही दोर हातात घट्ट धरून ठेवले. मग असा तमाशा झाला की झोका जागचा हलत नाही, अक्का फळीवर पाटावर बसल्यासारखी बसलेली, माय मागे दोर धरून उभी, आणि मी कागदावर तिचा पदर वाऱ्यावर उडवतोय. शेजारच्या दोन पोरींना मी बाजूला उभं केलं. कच्चं रेखाटन झालं तेव्हा अक्कानं ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

"नाक मोठं काढं रे तू."

"आहेच मोठं."

"मना चेहरा नीट काढजो," ती म्हणाली. "बठ्ठास्ले समजाले जोयजे, हाई मीच शे."

तिला सगळ्यांनी ओळखायला हवं होतं, म्हणून मी नाक बारीक केलं नाही. बाकी चेहरा मात्र असा उतरला, की तसा मला पुन्हा कधी कोणाचा जमला नाही. आजही सांगतो, हात चालला होता त्या दिवशी. गालावरचा देवीचा व्रण, कपाळावरचं गोंदण, हसताना एक डोळा बारीक होतो तो, सगळं आलं. पेन्सिलीवर शाईची रेघ फिरवताना मी मागे घराची ओसरी टाकली, आणि ओसरीच्या पार कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी, एक घागर काढली. आखाजी म्हटली की घागर आलीच. ती तिथं शोभत होती, कारण ती घराची होती, कोणा एकाची नव्हती. अक्का सासरी परत निघाली तेव्हा नानांनी तिच्या सासऱ्यांना चिठ्ठी दिली, आखाजीला पाठवा, तिला आणायला मुऱ्हाळी म्हणून मुलाला धाडतो, जपून आणू, जपून पोचवू. सासूबाईंचा होकार आला. तेव्हापासून मायच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. हे लेकरू टिकलं तर पुढची दोन वर्षं अक्काला येणं जमायचं नाही, म्हणून ही आखाजी तिला हवीच होती.

कॉम्प्युटर चालवायला योगेश नावाचा पोरगा होता, पुण्याहून शिकून आलेला, सज्जन, कामाला वाघ. स्कॅनर लहान, माझा कागद मोठा, म्हणून चित्र दोन तुकड्यांत आत घेतलं आणि जोड नेमका झोक्याच्या दोरावर आला. तो सांधायलाच एक सकाळ गेली. मग रंग. योगेश माऊस फिरवायचा आणि मी मागे उभा राहून सांगायचो, इथं हिरवा जरा पिवळट घे, लुगड्याला डाळिंबी दे, सावली निळी नको, जांभळी कर. एकदा लाइट गेली आणि दीड तासाचं काम पुसलं गेलं. पण मला राग आला नाही. मी भारावलोच होतो. ब्रशनं एकदा चुकलेला रंग खरवडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती आणि इथं एक बटण दाबलं की चूक झालीच नव्हती. परवा माझी भाची टॅबवर चित्र काढत बसली होती, दर दोन मिनिटांनी मागे जात होती, तिच्याकडे बघत मी हातातला चहा विसरून उभा राहिलो. ती म्हणाली, मामा, काय झालं. म्हटलं, काही नाही, काढ तू.

पान जायच्या दिवशी दुपारी साहेब आत आले. खालची पट्टी कापडाच्या दुकानाच्या शुभेच्छांना गेली होती, चित्र आता आडवं चालणार नव्हतं, उभं करा म्हणाले. उभं करायचं म्हणजे दोन्ही बाजूंच्या पोरी कापायच्या. योगेशनं त्या कापल्या. ओसरी गेली, निंबाचा बुंधा गेला, मधे एकटी अक्का राहिली आणि तिच्या पायांखाली मोकळी जागा. योगेश खुर्ची मागे सरकवून बघत बसला. मग म्हणाला, "सर, खाली रिकामं वाटतंय. ते कोपऱ्यातलं मडकं उचलून इथं आणू का?" त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तो मडकं म्हणाला. मी म्हणालो, आण. त्यानं ते उचललं, मोठं केलं, झोक्याच्या बरोबर पुढ्यात ठेवलं. मी म्हटलं, अजून मोठं. मग मीच सांगून त्यावर कुंकवाची पाच बोटं ओढवून घेतली, खरबुजावर उजेड पाडून घेतला, मागचं सगळं काळपट करायला लावलं, म्हणजे अक्काचा चेहरा आणि घागर दोन्ही उठून दिसतील. मला तिथं गोल आकार दिसत होता. वर गोल चेहरा, खाली गोल घागर, तोल छान साधला होता. स्वतःच्या हातानं आजोबांची घागर भरलेला मी माणूस, आणि मला त्या पडद्यावर फक्त तोल दिसला. साहेब म्हणाले, वा. मी चपला घालून बाहेर आलो तेव्हा ऊन लागलंसुद्धा नाही.

पुरवणी आखाजीच्या आदल्या दिवशी निघाली. त्याच सकाळी मला अक्काला आणायला जायचं होतं. आमच्या घरी पेपर दुपारी नाना बाजारातून येताना आणायचे, त्यामुळे घरात कोणी पान पाहिलं नव्हतं. मी कचेरीतून ताज्या शाईच्या चार प्रती घेतल्या, गुंडाळी केली, वरून प्लास्टिक लावलं आणि चोपड्याची गाडी पकडली. तापीच्या पुलावर खिडकीतून गरम झोत येत होता आणि मी ती गुंडाळी मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या माणसानं पेपर मागितला तर दिला नाही. पहिल्यांदा अक्कालाच दाखवायचा होता.

तिच्या घरी पोचलो तेव्हा ती तयारच होती. नवं लुगडं, हातात भरलेली पिशवी. तिच्या सासूबाईंना मी मावशी म्हणायचो. त्यांनी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, पोरीला हळू ने, गाडीत पुढच्या बाकावर बसव, असं दोनदा बजावलं. शेजारच्या दोघी-तिघी जणी निरोपाला आल्या होत्या. मी म्हटलं, आधी हे बघा, आणि खाटेवर पान उलगडलं. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. अक्का शे, अक्का शे, गोंदण देख. मग हसणं ओसरलं. एक म्हातारी खाली वाकली, बोट त्या घागरीवर ठेवलं आणि साधेपणानं विचारलं, "कोना नावनी घागर शे हाई?"

मला तेव्हा दिसलं. एवढा वेळ दिसलं नव्हतं ते सगळं त्या एका प्रश्नात दिसलं. काळी पार्श्वभूमी, एकट्या बाईचा चेहरा, पुढ्यात भरलेली घागर. मावशींनी पटकन पान उलटं केलं. "कागद शे तो," त्या अक्काला म्हणाल्या. "कागदनं काय मनवर लेतीस? जाय, तुनी माय वाट देखी राहिनी व्हई." हे त्या म्हणाल्या. ज्यांच्याबद्दल आमच्या घरात पुढे सात वर्षं वाईट बोललं गेलं, त्या म्हणाल्या हे. अक्का पानाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिनं पिशवी भिंतीशी ठेवली.

"तू एकला जाय. मी नही येत."

"अक्का, वेडी का तू? नुसतं चित्र आहे."

"मी एकली ऱ्हाती तर उनी असती," ती म्हणाली आणि तिनं पोटावर हात ठेवला. "मी एकली नही शे आते."

इथं मी चूप बसायला हवं होतं. तिचे पाय धरायला हवे होते, चारही प्रती चुलीत घालायला हव्या होत्या. पण मला माझ्या चित्राचा अपमान झाल्यासारखं वाटलं. चार बायांसमोर आपण मूर्ख ठरलो हे सोसवेना. मी म्हणालो, "अडाणीच राहिलीस तू. सगळा जन्म शेणामातीत गेला, तुला चित्रातलं काय कळणार." दोन पोरं पोटात गमावलेल्या बाईला मी हे म्हणालो. मावशी म्हणाल्या, राग आवर भाऊ, बस, जेवून जा. मी जेवलो नाही.

परत आलो तेव्हा माय दारातच होती. चुलीजवळ सांजोऱ्यांचं टोपलं झाकलेलं, बादलीत पाण्यात घातलेले आंबे. तिनं माझ्या मागे पाहिलं. "ती कोठे शे?" मला वाटेत दोन तास मिळाले होते, खरं सांगायची तयारी करायला. मी म्हणालो, "मावशीनं धाडलं नाही." एवढंच वाक्य. माझ्या अंगावर काही येऊ नये म्हणून बोललेलं. नानांनी पेपर आणला होता, पान बघून त्यांनी ते घडी घालून बाजूला ठेवलं; ते माणूसच न बोलणारं. मायनं पान हातात घेतलं आणि लेकीचा चेहरा पाहून तिला रडू आलं. घागरीवर तिची नजर गेली की नाही, मला कळलं नाही. सासूनं अडवली, याच्यापुढे तिला काही दिसतच नव्हतं. रडता रडता ती त्या बाईला नावं ठेवत राहिली आणि मी ऐकत राहिलो.

भाद्रपदात अक्काला मुलगी झाली, धडधाकट. भीती तिथंच संपली असती. पण तोवर मायनं नातेवाइकांकडून निरोप धाडला होता, आमच्या सणाला आमची लेक अडवता, तर तुमच्या पाळण्याला आम्ही येत नाही. तिकडे मावशी दुखावल्या. न केलेल्या गोष्टीचे बोल कोण ऐकून घेईल? अक्कानं आंतरदेशीय पत्र लिहिलं. मायला वाचता येत नसे, म्हणून मी वाचून दाखवलं. सासूबाईंनी मला अडवलं नाही, मीच आले नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तेही मी वाचलं. मायनं मान हलवली. "तिनी सासूनी लिखाडी लिधं व्हई. नही का रे?"

मी म्हणालो, "असेल."

मायनं सात आखाज्या वाट पाहिली. दर वर्षी सांजोऱ्या जास्तीच्या करायची, दर वर्षी म्हणायची, यंदा त्या बाईला दया येईल. अक्का लग्नकार्यात कुठं तरी भेटायची, उभ्या उभ्या दोघी रडायच्या, पण आमच्या उंबऱ्यावर ती आली नाही; तिनं यावं तर सासूच्या नाकावर टिच्चून यावं लागलं असतं, आणि मायनं जावं तर शब्द गिळून. मला एक वाक्य बोलायचं होतं. मधल्या काळात मला शाळेत नोकरी लागली, माझं लग्न झालं, घरात फोन आला, आणि ते वाक्य रोज थोडं जास्त अवघड होत गेलं. आठवी आखाजी मायनं पाहिली नाही. पौषात ती गेली.

त्या आखाजीला अक्का आली. मुऱ्हाळी कोणी गेलं नव्हतं, लेकीचा हात धरून ती आपली आपण बसनं आली. मी मायच्या नावाची घागर भरली, बोटं ओढली. अक्का भिंतीला टेकून बघत होती. खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा तिनं विचारलं, "मायले तू शेवटलगून सांगं नही ना?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"तू सांगायचं," मी म्हणालो. "लग्नांत भेटायची तुला ती."

"मी सांगं ना. पत्रात सांगं, तोंडवर बी सांगं. ती म्हने, मना पोऱ्या मनाशी खोटं बोलाव नही." तिचा आवाज चढला नव्हता. लुगड्याच्या काठाचं सुटलेलं सूत ती बोटाभोवती गुंडाळत होती. "मग मी सांगनं सोडी दिधं. मले दरसाल वाटे, यंदा तू सांगशी."